साधनांची अभिरुची

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गावच्या घरी, ओसरीवरच्या झोपाळ्यावर, आमच्या पुतण्याने एक लहानसे दुकानच मांडले. तो पुण्यास नोकरी करतो आणि गेली चार वर्षे त्याला फोटोग्राफीचा नाद लागला आहे. खांद्यावरच्या पिशवीतून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली : कॅमेरा, तीन लेन्स, गोल डब्यांत जपून ठेवलेले चार-पाच फिल्टर, धूळ उडवण्याची रबरी फुंकणी, दुरून शटर उघडण्याचे छोटे यंत्र, तळहाताएवढा एलइडी दिवा, आणि उलगडता उलगडता कोळ्यासारखे पाय पसरणारा ट्रायपॉड. घरातली मुले भोवती जमली. तिकडे वहिनींनी तुळशीपाशी, पायऱ्यांवर आणि गडग्यावर पणत्या लावूनही टाकल्या होत्या.

पुतण्याने एलइडी दिवा हातात घेतला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. “काका, याने पणत्यांचा उजेड मरेल,” असे तो म्हणाला, तेव्हा मला त्याचे कौतुक वाटले. पण ऐन वेळी कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली निघाली, आणि दुसरी पुण्यास चार्जरमध्येच राहिली होती. “अरे, तेल संपायच्या आत काय ते काढ,” आई आतून म्हणाली. अखेर नवा फोन ट्रायपॉडवर चढला. दोन-तीन सेकंद सगळ्यांनी श्वास रोखून धरले आणि फोटो निघाला.

फोटो स्वच्छ होता. प्रत्येक कौलाची कड दिसत होती. दोरीवर वाळत घातलेला पंचा, भिंतीला टेकलेली सायकल, तुळशीमागच्या केळीची फाटकी पाने, वर निळसर आकाश, सारे काही होते. पणत्याही होत्या : ओळीने मांडलेले पांढरे ठिपके. आईने चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि विचारले, “हा दुपारचा का रे?”

प्रस्तुत लेख म्हणजे आईने केलेल्या या चार शब्दांच्या समीक्षेवरचे लांबलचक भाष्य आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या संध्याकाळी चूक कोणाचीच नव्हती. पुतण्या बेफिकीर नव्हता आणि फोन बिघडलेला नव्हता. फोनने आपले काम चोख केले होते. कमी उजेडात असा फोन एका पाठोपाठ एक अनेक फोटो काढतो, ते एकावर एक जुळवून ठेवतो, त्यांतले कण पुसून टाकतो आणि काळोखात बुडालेला भाग उचलून वर आणतो. 2018 च्या सुमारास ही किमया फोनांमध्ये रुळू लागली आणि आता ती साध्या फोनांतही असते. यंत्राच्या दृष्टीने ती थोर करामत आहे, याबद्दल मला शंका नाही. पण या करामतीच्या मुळाशी एक मत दडलेले आहे, ते असे की काळोख हा दोष आहे. जेथे जेथे तो दिसेल तेथे तेथे तो काढून टाकावा. हे मत कोणी तरी, कोठे तरी, टेबलाशी बसून ठरवले. आमच्या अंगणात ते दिवाळीच्या अमावास्येला लागू झाले. पणतीचे सारे सौंदर्य तिच्या भोवतीच्या काळोखात असते. तो काढून घेतला की मातीच्या वाटीत जळणारी वात तेवढी उरते.

आपण साधनांकडे नोकर म्हणून पाहतो. सांगू ते करील, न सांगितले तर गप्प बसेल. छायाचित्रकलेत मात्र हा समज फसवा आहे. येथे प्रत्येक उपकरणाला स्वतःची अभिरुची असते. चांगले चित्र कशाला म्हणावे, त्यात काय असावे, काय नसावे, याविषयीचे एक ठाम मत त्याच्या घडणीतच ओतलेले असते. हौशी माणूस दुकानात जाऊन उपकरण विकत घेतो, तेव्हा त्याबरोबर ही अभिरुचीही घरी येते. तिची किंमत पावतीवर लिहिलेली नसते, इतकेच. तेव्हा पुस्तकाची किंवा नाटकाची जशी समीक्षा करावी, तशी ती या फिल्टरांची आणि ट्रायपॉडांची का करू नये?

सामग्रीचे हे वेड आजचे आहे, असे मानणारे लोक भेटतात. त्यांनी थोडे मागे जाऊन पाहावे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या पिढीत जी ओल्या काचेची पद्धत आली, तिच्यात काचेवर रसायन ओतावयाचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि सुकण्याच्या आत धुऊन काढावयाची. घराबाहेर फोटो काढावयाचा म्हणजे काळोख्या तंबूसह, बाटल्या, तबके, पाणी आणि काचा यांचे लटांबर घेऊन निघावे लागे. आमच्या पुतण्याची पिशवी त्यापुढे फराळाच्या डब्याएवढी. मात्र त्या लटांबरातला एक फरक विसरता येत नाही. एक फोटो घेण्यास इतके कष्ट पडत की माणूस आधी बराच वेळ नुसता पाहत उभा राहत असे.

1888 साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकावयास काढला. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की आख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे धाडावयाचा; तेथून फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत येत असे. तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही पाहू, असे आश्वासनच कंपनीने देऊन ठेवले होते. हौशी छायाचित्रकाराचा जन्म येथे झाला असे म्हणतात, ते खरे आहे; पण त्याच दिवशी त्याने आपल्या कामाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या हवाली केला, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत हा हौशी कॅमेरा उशिरा आला, आणि आला तो बहुधा बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. लेन्स बदलणे नाही, फारसे काही फिरवणे नाही. इतक्या साध्या यंत्राला कसली आली आहे अभिरुची, असे कोणी म्हणेल. तर घरातला जुना आल्बम काढून पाहावा. बहुतेक सगळे फोटो भर उन्हातले आणि बहुतेक सगळी माणसे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी. आत्या, मावशा, मुंजीतला बटू, नवे जोडपे, सगळ्यांची एकच मुद्रा. आपले पूर्वज काही एवढे त्रासिक नव्हते. अशा कॅमेऱ्यांची लेन्स मंद. तिला भरपूर ऊन लागे. म्हणून सूर्य फोटो काढणाराच्या पाठीशी असावा, हा नियम घरोघर पाठ झालेला. सूर्य त्याच्या पाठीशी म्हणजे फोटोत उभ्या असलेल्याच्या डोळ्यांत. एका पिढीच्या चेहऱ्यावरचा भाव असा एका साध्या भिंगाने ठरवून टाकला, आणि आपण आल्बम चाळताना म्हणतो, “अप्पा फार कडक होते हो!”

मोठमोठ्या कलावंतांनाही हे कळत होते. 1932 साली कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी एक मंडळ काढले आणि त्याला नाव दिले ‘एफ 64’. हा आकडा म्हणजे लेन्सच्या एका अतिशय बारीक छिद्राचा. छिद्र इतके बारीक केले की पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सारे काही रेखीव येते. त्यांच्या आधीच्या छायाचित्रकारांना धूसर, चित्रासारखे दिसणारे फोटो प्रिय होते. त्यांच्याविरुद्ध हे बंड होते. एका वाङ्मयीन संप्रदायाने आपल्या लेखणीच्या टोकाचे नाव धारण करावे, तशातला हा प्रकार! पण त्यात प्रामाणिकपणा होता. या उपकरणाचे मत तेच आमचे मत आहे आणि ते आम्ही विचारपूर्वक स्वीकारले आहे, असे ते उघडपणे सांगत होते.

उलट बाजूचे उदाहरण मला त्याहून गोड वाटते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरन ही बाई कलकत्त्यास जन्मलेली. 1863 च्या डिसेंबरात तिच्या मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती 48 वर्षांची होती. आईला एकटेपणात काही विरंगुळा असावा, एवढाच हेतू. इंग्लंडातल्या आपल्या घरी या गृहिणीने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. तिचे फोटो किंचित अस्पष्ट येत. हिला नीट फोकस करता येत नाही, असे त्या वेळच्या जाणकारांनी हिणवले. पण भिंग फिरवता फिरवता चेहरा जेथे तिला सुंदर दिसे तेथेच ती थांबत असे. पुढचा रेखीवपणा तिला नकोच होता. आज तिची चित्रे मोठ्या संग्रहालयांत आहेत. रेखीवपणा श्रेष्ठ की धूसरपणा, हा प्रश्न येथे गौण आहे. ॲडम्सने काय किंवा कॅमेरनबाईने काय, निर्णय स्वतःकडे ठेवला होता, हे पाहिले पाहिजे.

आता पुन्हा झोपाळ्यावरच्या त्या पिशवीकडे वळू.

पोलरायझर हा फिल्टर मला आवडतो. लेन्सवर चढवून तो हळूहळू फिरवावा. पाण्यावरची, पानांवरची चकाकी कमी होत जाते आणि तळ्याच्या तळचे दगड दिसू लागतात. त्याचे मत असे की चकाकी हा पडदा आहे, तो दूर करावा. बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण पावसाळ्यात, सह्याद्रीच्या ओल्या कातळावर, ती चकाकी म्हणजेच पाऊस असतो. तेथे हा फिल्टर लावलात तर कातळ सुका दिसू लागतो. आकाशाच्या बाबतीतही त्याचा आग्रह असतोच : सूर्यापासून काटकोनात असलेले आकाश तो गडद निळे करून टाकतो. कॅलेंडरावरचे आकाश बव्हंशी याच्याच कृपेचे.

खरी तक्रार एनडी फिल्टरविषयी आहे. एनडी म्हणजे काळसर काच. दुसरे काही नाही. प्रकाशाचा रंग न बदलता ती तो अडवते. गडद जातीची काच प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करते. म्हणजे जेथे सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात फोटो निघाला असता, तेथे शटर आठ सेकंद उघडे ठेवावे लागते. आठ सेकंदांत समुद्राच्या लाटा एकमेकींत मिसळून जातात आणि पाण्याचे धुके होते. धबधब्याचा कापूस होतो. प्रथम हे चित्र पाहिले तेव्हा मी थक्क झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्यांदा आनंद झाला. आता मात्र कोकणकिनाऱ्याचे कोणतेही हौशी प्रदर्शन पाहा : हर्णै असो, गुहागर असो की वेंगुर्ले, सगळीकडे तेच दूध, त्यातून वर आलेले तेच काळे खडक, मागे तोच जांभळा सूर्यास्त. भरतीच्या वेळी खडकावर आपटणारी लाट, तिचा तो धप्प आवाज, अंगावर उडणारे खारे तुषार, समुद्राचा राग, यांतले काही या चित्रांत नाही. ज्या समुद्राने होड्या बुडवल्या तो येथे पाळलेल्या मांजरासारखा निजलेला असतो. काचेचे मत असे की पाणी शांत असावे. शंभर छायाचित्रकारांनी काच घेतली आणि शंभरांनीही ते मत मान्य केले. किनारे वेगळे, माणसे वेगळी, चित्र एक. कवितेत एखादी प्रतिमा अशी शंभर जणांनी वापरली, तर आपले समीक्षक कवीला सोडतील काय?

फोनांत ‘पोर्ट्रेट’ नावाची जी सोय असते, तिच्याविषयी थोडक्यात आटोपतो. मोठ्या लेन्सने चेहरा रेखीव आणि मागचे धूसर येते, ते येथे गणिताने साधलेले असते. माणूस कोठे संपतो हे यंत्र अदमासाने ठरवते आणि बाकीचे पुसट करते. चष्म्याची काडी, सुटी बट, गजऱ्यातून निसटलेले एखादे फूल येथे त्याची हमखास फसगत होते. पण तांत्रिक चूक उद्या सुधारेल. मला टोचते ते त्याचे मत : माणूस तेवढा महत्त्वाचा, त्याची जागा म्हणजे अडगळ. स्वयंपाकघरात चकल्या तळणाऱ्या काकूंचा असा फोटो मी पाहिला. काकू सुरेख आल्या होत्या. कढई, सोऱ्या, परातीतल्या चकल्या, फडताळावरचे डबे, सगळ्याचा पिवळसर लगदा झाला होता. तीस वर्षांनी हा फोटो पाहणाऱ्या नातवाला आजीच्या चेहऱ्याइतकेच ते डबेही पाहावयाचे असतील.

ड्रोनविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. वरून पाहिलेला किल्ला एकदा तरी पाहावा असा असतो. तटबंदीची आखणी जमिनीवरून कधी कळत नाही ती तेथे कळते. मात्र त्या उंचीवरून माणसाच्या मुंग्या होतात आणि वारकऱ्यांची दिंडी म्हणजे एक नक्षी उरते. नक्षीला तहान लागत नाही आणि तिचे पाय दुखत नाहीत.

या सगळ्याचा कळस कोजागिरीच्या चंद्रावर चढला आहे. चंद्राचा फोटो काढणे ही हौशी माणसाची जुनी हौस, आणि जुनी फजितीही. साध्या कॅमेऱ्यात दुधाच्या वाटीतला हा पाहुणा नेहमी एक पांढरा ठिपका होऊन बसतो. काही वर्षांपूर्वी अचानक लोकांच्या फोनवर त्यातली विवरेसुद्धा दिसू लागली. मग 2023 साली एका हौशी माणसाने गंमत केली. चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र त्याने संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीतले दिवे मालवले, आणि दूर उभे राहून अशाच एका फोनने त्या चित्राचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरे फोटोत होती! आमचा फोन चंद्र ओळखतो आणि त्याचा तपशील ठळक करतो, असा खुलासा कंपनीला करावा लागला. चंद्र आपल्याला नेहमी एकच बाजू दाखवतो, तेव्हा यंत्राला ती पाठ करून ठेवणे कठीण नाही. पण मग गच्चीवर मसाला दूध थंड होऊ देत, मान वर करून काढलेल्या त्या फोटोत आपल्या वाट्याचे असे काय उरले? ढगाचा जो एक तुकडा त्या रात्री चंद्रावरून सरकत होता, तो कदाचित यंत्राने डाग समजून पुसला असेल.

येथे कोणी जाणता वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, साधनांनी माणसाला कधी नवे दाखवलेच नाही काय? डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवणे हाही या कलेचा धर्म आहे. त्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. 1878 साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोडीच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने लावले. घोडीच्या पायांनी दोरे ताणले जात आणि शटरे उघडत. चौखूर दौडताना चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आणि ते पाय पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हेही दिसले. शतकानुशतके चित्रकार घोडे चुकीचे काढत आले होते! पुढे अमेरिकेतच हॅरॉल्ड एजर्टनने विजेच्या लखलखाटाचा दिवा वापरून दुधाचा थेंब पडताना उमटणारा मुकुट टिपला. या चित्रांत यंत्राचे कर्तृत्व अफाट आहे. पण यंत्र येण्याआधी तेथे एक प्रश्न येऊन बसलेला होता. घोड्याचे पाय कसे पडतात? थेंब फुटताना काय होते? यंत्राला त्या प्रश्नासाठी राबवले गेले.

आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच घरातले आहे. दादासाहेब फाळके हे सिनेमाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार. गोध्रास त्यांचा स्टुडिओ होता. 1912 साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. नवे, महागडे, परदेशी यंत्र. ते हाती आल्यावर हौशी माणूस काय करील? समुद्र टिपील, आगगाडी टिपील, पाहुणे जमवून त्यांना चालावयास लावील. फाळक्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्यांना पटवण्यासाठी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला. त्यापुढे कॅमेरा ठेवला आणि दिवसामागून दिवस, महिनाभराहून अधिक काळ, त्याचे थोडे थोडे चित्रण ते करीत राहिले. पडद्यावर हा सारा काळ मिनिटाभराच्या आसपास उरकला : माती फुटली, कोंब वर आला, वेल झाला. त्या चित्रपटाला ‘अंकुराची वाढ’ म्हणतात. सरस्वतीबाई घरचे सगळे सांभाळून फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत. पुढच्या वर्षी, 1913 साली, ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र तो वाटाणाच अधिक आठवतो. आज फोनमध्ये ‘टाइमलॅप्स’चे बटण असते. ते दाबले की ढग धावतात, मोटारी धावतात, आणि आपल्याला काय पाहावयाचे होते ते आपणच विसरतो. फाळक्यांजवळ बटण नव्हते. त्यांना उत्सुकता होती, आणि रोज सकाळी त्या कुंडीपाशी जाण्याची चिकाटी होती.

सामग्री कमी पडली म्हणजे काय होते, याचीही एक हकीकत आहे. 1946 साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचा चरख्यासह फोटो घेण्यास आली. आधी सूत कातावयास शिका, असे तिला सांगण्यात आले, आणि ती शिकली. खोलीत उजेड कमी. फ्लॅशचे गोळे तीनच वापरण्याची मुभा. त्या काळी गोळा एकदा पेटला की संपला. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला, असे तिने स्वतःच सांगितले आहे. तिच्या त्या जगप्रसिद्ध फोटोत चरखा अगदी पुढे आहे, जवळजवळ अर्धे चित्र व्यापून. गांधीजी मागे, खिडकीच्या उजेडात, वाचण्यात गढलेले. नुकतेच कातावयास शिकलेल्या माणसाला चरखा किती मोठा दिसतो, हे त्या मांडणीत आहे. गांधीजी सूत काततानाचा फोटो तिने घेतला असता तरी तो चांगलाच आला असता. पण चाक पुढे आणि माणूस मागे, ही निवड कोणत्या फिल्टरात मिळते?

पिशवीत तळाशी पडलेल्या काही गरीब वस्तूंची मात्र मला बाजू घ्यावयाची आहे. लेन्सच्या तोंडावर बसवावयाचे काळे हूड, म्हणजे डोळ्यांवर धरलेला हात. तिरके ऊन आत शिरू देत नाही, बाकी काही मागत नाही. भिंग पुसण्याचे मऊ फडके. चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूने धरण्यास थर्मोकोलचा पांढरा तुकडा, आणि तो नसला तर धुतलेले धोतर. या वस्तू मत देत नाहीत. आणि ट्रायपॉड! त्याला मत आहे, पण ते मला पटते. तो म्हणतो, थांब. तो मांडावा लागतो, त्याचे पाय सारखे करावे लागतात, आणि तेवढ्या वेळात माणसाला चौकटीच्या कोपऱ्यात डोकावणारा विजेचा खांब दिसतो. पिशवीतल्या सगळ्या वस्तूंत घाई न करणारी ही एकच. आमचा पुतण्या मुंबईस गेला की फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांसमोर तास तास उभा राहतो; त्याने पुढच्या खेपेस काय घ्यावे असे मला विचारलेच, तर मी जड ट्रायपॉड सांगेन. तो वाहून नेण्याचा कंटाळा येतो, म्हणून दहांतली नऊ ठिकाणे आपोआप गळतात.

जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांची जी नवी टूम निघाली आहे, तिच्याबद्दल दोन शब्द लिहिणार होतो. पण कोरा करकरीत फोटो एका बटणाने पिवळा, विटका, चाळीस वर्षे जुना करून दाखवणाऱ्यांविषयी लिहावयाचे म्हणजे सणाच्या दिवशी उगाच तोंड कडू करून घेणे. असो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पुतण्याने पुन्हा खटपट केली. एव्हाना कॅमेऱ्याची बॅटरी शेजारच्या गावातल्या फोटोवाल्याकडून भरून आणली होती, पण त्याने हट्टाने फोनच घेतला. मला वाटते, आईचा तो प्रश्न त्याच्या मनाला लागला होता. रात्रीची ती खास सोय त्याने बंद केली. पडद्यावर पणतीच्या ज्योतीवर बोट ठेवले आणि उजेडाची खूण खाली ओढली. आणखी खाली ओढली. एरवी यंत्र साऱ्या दृश्याची सरासरी काढून ते मध्यम राखाडी करू पाहते. ज्योतीवर बोट ठेवले की तिच्यापुरता हिशेब करते. अंगण नाहीसे झाले. सायकल गेली, पंचा गेला, कौले गेली. तीन ज्योती राहिल्या, आपल्या खऱ्या पिवळ्या रंगाच्या, आणि त्यांच्या पलीकडे तेल घालावयास वाकलेल्या वहिनींचा हात, मनगटातल्या बांगड्यांच्या कडा आणि गालाची एक रेघ. डाव्या बाजूला काही तरी पांढुरके हलले होते. ते बहुधा मांजर असावे.

आईने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग फोन परत देत ती म्हणाली, “वातीला काजळी धरलीय बघ. सांग तिला, पुढे सारायला.”